दुखतंय कुठं? : जमिनीखालच्या केबलची गोष्ट

गेल्या मे महिन्यात चार दिवस नांदेडला घरी गेलो होतो. पुण्यात राहून उन्हाची सवय मोडलेली, आणि पोचलो त्याच दुपारी लाईट गेली. (आमच्याकडे 'वीज' जात नाही, लाईटच जाते.) पहिला तासभर कुणी काही बोललं नाही. नांदेडात मे महिन्यात तासभर लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. संध्याकाळ झाली तेव्हा मात्र आई म्हणाली, "जरा चौकात जाऊन बघ बरं, काय करायलेत ते."

चौकात एक व्हॅन उभी होती आणि रस्त्याच्या कडेला एक खड्डा खणून तयार होता. आमच्या भागात बहुतेक तारा खांबांवरूनच जातात. पण काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, तेव्हा सबस्टेशनपासून चौकातल्या डीपीपर्यंत अकरा हजार व्होल्टची लाईन जमिनीखाली घातली. लांबी साधारण ९०० मीटर. तीच केबल गेली होती. दुसऱ्या बाजूनं लाईट द्यायची सोय होती, पण तिकडच्या फीडरवर एवढा भार मावेना. म्हणून दोन तास आम्हाला, दोन तास त्यांना. मागच्या गल्लीत एका आजोबांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं. त्यांचा मुलगा दर दोन तासांनी सिलेंडर लावत होता आणि मधूनमधून चौकात येऊन नुसता उभा राहत होता. विचारत काहीच नव्हता.

व्हॅनमधून दर पाच-सहा सेकंदांनी 'ठप्प' असा आवाज यायचा. मग एक पोरगा रस्त्यावर कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "इथंच येतंय साहेब." मग खणायचं. खाली केबल धडधाकट. रात्री दहापर्यंत असे तीन खड्डे झाले. त्यांचे साहेब (तरुणच होते, माझ्याच वयाचे असतील) वैतागून म्हणाले, "व्होल्टेज वाढवा अजून. फुटू दे एकदाची."

व्हॅनच्या दारात एक पिकल्या मिशांचे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणत होते. ते म्हणाले, "साहेब, जोर लावून दुखणं सापडत नसतंय. मोजू द्या की मला एकदा."

त्या रात्री पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण मामांचं हे वाक्य डोक्यात घेऊनच मी पुण्याला परतलो, आणि पुढचे दोन वीकेंड जालावर आणि जुन्या पुस्तकांत घालवले. मला एवढंच हवं होतं की जे दिसत नाही, ज्याच्यावर मीटरभर माती आहे, त्यातलं दुखणं नेमकं कुठं आहे हे माणसाला पहिल्यांदा कळलं तरी कसं? वाचत गेलो तर मामा आणि साहेबांमधला हा वाद दीडशे वर्षांहून जुना निघाला. त्याची ही गोष्ट. (मी सॉफ्टवेअरवाला आहे, इलेक्ट्रिकलवाला नाही. तेव्हा चूभूद्याघ्या.)

कौलांमधली तार

सुरुवात आपल्याकडूनच करू. विल्यम ओशॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. औषधांवर संशोधन करता करता त्याला विजेचं वेड लागलं, आणि १८३९ मध्ये त्यानं कलकत्त्याजवळ तारेचे पहिले प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाईन सुरू झाली. तिचा काही भाग जमिनीखालून होता. इथे त्याच्यापुढे प्रश्न आला की लोखंडी सळई मातीत घातली तर वीज मातीत गळणार, मग तिला गुंडाळायचं कशात? त्यानं सळईला डांबरात बुडवलेलं मद्रासी कापड गुंडाळलं, ती घराच्या कौलांच्या पन्हाळीत ठेवली आणि वरून वितळलेली राळ आणि वाळू ओतली. आपल्याकडची जमिनीखालची पहिली 'इन्सुलेटेड केबल' म्हणजे कापड, डांबर, राळ आणि कौलं!

पुढे कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडणाऱ्या लाईनी टाकल्या, तेव्हा त्यानं तार बहुतेक सगळीकडे खांबांवरच नेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही तार सर्वसामान्य लोकांना खुली झाली. खांबावरच्या तारेचा एक मोठा गुण म्हणजे तुटली की दिसते. माणूस घोड्यावर बसून लाईनीच्या कडेनं जायचा आणि तुटलेली जागा शोधायचा.

जर्मनीत वेर्नर सीमेन्सनं उलटा अनुभव घेतला. १८४८-४९ मध्ये त्यानं बर्लिन ते फ्रँकफर्ट या लाईनीची तार बरीचशी जमिनीखालून नेली. वर गुट्टा-पर्चाचं आवरण होतं. (हा मलायाकडच्या झाडांचा चीक. रबरासारखाच, पण ताठ.) तार उथळ पुरलेली, वर कसलं कवच नाही. उंदीर-घुशींनी ती कुरतडली, आवरणही खराब होत गेलं, आणि थोड्याच वर्षांत ती लाईन सोडून द्यावी लागली. जमिनीखालच्या केबलचं पहिलं दुखणं हे असं होतं. बिघाड आहे एवढं कळायचं, कुठे आहे ते कळायचं नाही.

अटलांटिकच्या तळाशी

मग आलं १८५८. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकच्या तळाशी केबल टाकली गेली. ५ ऑगस्टला काम पूर्ण झालं. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना संदेश गेला. ९८ शब्द, आणि पोचायला सुमारे १६ तास! तरी लोकांनी आतषबाजी केली.

या केबलपाशी दोन माणसं होती. एक वाइल्डमन व्हाइटहाउस, कंपनीचा इलेक्ट्रिशियन. हाही मूळचा डॉक्टर, ब्रायटनचा सर्जन. दुसरा विल्यम थॉमसन, ग्लासगोचा प्राध्यापक, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला. थॉमसनचं गणित सांगत होतं की लांब केबलमध्ये संदेश मंदावतो आणि पसरतो, लांबी दुप्पट केली तर हा परिणाम चौपट होतो. म्हणून तांबं जाड हवं, आवरण जाड हवं, आणि टोकाला अगदी कमी वीज ओळखणारं नाजूक यंत्र हवं. त्यासाठी त्यानं आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला. एक इवलासा आरसा, त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका, आणि ठिपका कुठे सरकतो ते बघायचं. व्हाइटहाउसला हे पटलं नव्हतं. त्याचा उपाय सोपा होता. संदेश पोचत नाही? मग व्होल्टेज वाढवा. पाच-पाच फुटांच्या इंडक्शन कॉइल्स लावून त्यानं सुमारे दोन हजार व्होल्ट त्या केबलमध्ये सोडले.

केबल आधीच आजारी होती. कारखान्यातून बाहेर पडल्यावर ती उघड्यावर उन्हात पडून होती, त्यानं गुट्टा-पर्चा मऊ होऊन काही ठिकाणी तांब्याची तार मधून एका बाजूला सरकलेली. त्या दुखऱ्या जागी दोन हजार व्होल्ट बसले. सप्टेंबरच्या सुरुवातीला केबल गप्प झाली, आणि ऑक्टोबरनंतर तिच्यातून काहीच आलं नाही. जेमतेम महिनाभराचं आयुष्य.

मला सगळ्यात रोचक वाटली ती मधली एक गोष्ट. सिग्नल बिघडला तेव्हा व्हाइटहाउसचं ठाम मत होतं की दोष किनाऱ्याजवळ, बंदरातच आहे. त्यानं संचालकांना न विचारता बंदरातली केबल उचलून बघायला घेतली. तिथे काही सापडलं नाही आणि त्याची नोकरी मात्र गेली. नंतर क्रॉमवेल व्हार्ली या इंजिनीअरनं केबलचा रोध मोजला आणि हिशोब मांडला. दोष आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दोनशे ते तीनशे मैलांवर, खोल समुद्रात होता. केबल न उचलता, खोलीत बसून काढलेलं उत्तर. दुरुस्तीला त्याचा उपयोग झाला नाही, एवढ्या खोलातून केबल वर काढायची सोय तेव्हा नव्हती. पण उत्तर मिळालं होतं.

आमच्या चौकातले तीन खड्डे आणि ते बंदर. काळ सोडला तर काय फरक आहे सांगा!

ओहमचा जन्म

इथे एक मोठी अडचण होती. तारेची लांबी जितकी जास्त तितका तिचा रोध जास्त. म्हणजे टोकापासून दोषापर्यंतचा रोध कळला की अंतर कळलं. पण रोध मोजायचा कशात? त्या वेळी 'ओहम' हे एकक नव्हतंच. कुणी म्हणायचं, अमुक जाडीच्या तांब्याच्या तारेचे इतके मैल. कुणाची तार वेगळी, कुणाचं तांबं अशुद्ध. एकाचं माप दुसऱ्याच्या कामाचं नाही. आपल्याकडे गावागावात शेर वेगळा असायचा, तसंच.

त्याच सुमारास हिंदुस्थानपर्यंतची केबल पण बुडाली. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानशी थेट तार हवी होती. १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत तांबड्या समुद्रातून आणि अरबी समुद्रातून केबल टाकली. ती ताणून टाकली होती. तळाच्या उंचसखल प्रवाळांवर ती लोंबकळली, घासली आणि जागोजागी तुटली. ब्रिटिश सरकारनं कंपनीला ५० वर्षांच्या परताव्याची हमी दिली होती, तीही केबल चालो वा न चालो! म्हणजे केबल मेली आणि हप्ते चालू राहिले. :)

दोन मोठ्या केबली बुडाल्यावर चौकशी समिती बसली आणि १८६१ मध्ये तिचा जाडजूड अहवाल आला. सार असं की केबल घालण्याआधी मोजा, घालताना मोजा, घातल्यावर मोजा, आणि सगळ्यांनी एकाच मापानं मोजा. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशननं थॉमसनच्या सुचवण्यावरून विद्युत मापांसाठी एक समिती नेमली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल (हो, तेच चार समीकरणांवाले) त्या समितीसाठी लंडनमध्ये एक कॉइल गरगर फिरवत रोध मोजत होते. १८६५ मध्ये समितीनं रोधाची प्रमाण कॉइल्स वाटायला सुरुवात केली, आणि त्या एककाला ओहमचं नाव मिळालं.

बारावीत आपण ओहमचा नियम घोकतो, तेव्हा कुणी सांगत नाही की या मापाची खरी निकड तुटलेल्या केबलींनी लावली. प्रयोगशाळेला थोडं इकडेतिकडे चाललं असतं, पण दोनशे मैल की तीनशे मैल हे सांगायचं तर माप पक्कं हवं.

तराजू

आता मामांच्या यंत्राकडे येऊ. बारावीचाच व्हीटस्टन ब्रिज आठवतोय? (मला आठवत नव्हता.) मूळ कल्पना सॅम्युअल ख्रिस्टीची, १८३३ ची. चार्ल्स व्हीटस्टननं १८४३ मध्ये ती लोकांपुढे नीट मांडली आणि नाव त्याचं पडलं. हा ब्रिज म्हणजे एक तराजू. इकडचा रोध आणि तिकडचा रोध समतोल झाला की मधली सुई शून्यावर येते.

केबलसाठी याचं जे रूप वापरतात त्याला मरे लूप टेस्ट म्हणतात. समजा केबलमध्ये तीन गाभे आहेत आणि त्यातला एक कुठेतरी जमिनीला टेकलाय. दूरच्या टोकाला हा आजारी गाभा एका धडधाकट गाभ्याला जोडून टाकायचा. झालं, एक मोठा फेरा तयार. केबल ९०० मीटर, म्हणजे फेरा १८०० मीटर. आता या टोकापासून दोषापर्यंत जायला दोन वाटा आहेत, एक सरळ आजारी गाभ्यातून, दुसरी धडधाकट गाभ्यातून जाऊन वळून परत. आपल्याकडच्या टोकाला दोन्ही वाटांच्या मध्ये तराजू लावायचा आणि सुई शून्यावर येईपर्यंत बटण फिरवायचं. बटण शंभरपैकी ३४ वर थांबलं, तर दोष १८०० च्या ३४ टक्क्यांवर. म्हणजे ६१२ मीटर.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की दोषाचा स्वतःचा रोध या उत्तरात येतच नाही. जखम केवढी आहे, ओली आहे की सुकी, याचा हिशोबावर परिणाम होत नाही. (फार सुकी असेल तर सुई नीट हलत नाही, एवढंच.) दुखणं किती आहे ते राहू दे, कुठं आहे तेवढं सांग. एवढाच प्रश्न विचारणारं यंत्र.

हे सगळं आपल्या किनाऱ्यावरही आलं. फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज मुंबईहून एडनकडे केबल टाकत निघालं. उष्ण कटिबंधातलं ऊन म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. मुंबई ते एडन दीड हजार मैलांहून जास्त, आणि त्या वर्षीच्या जूनपर्यंत लंडन-मुंबई अशी समुद्राखालची साखळी पूर्ण झाली. बारा वर्षांपूर्वी महिनाभरात मेलेली केबल आणि ही केबल यांच्यात फरक होता तो जाड तांब्याचा, जाड आवरणाचा, आणि मोजण्याच्या शिस्तीचा. याच जहाजानं १८६५ मध्ये अटलांटिकमध्ये केबल टाकताना जहाजावर सतत मोजणी चालू ठेवली होती. एकदा सुई अचानक हलली, तेव्हा काही मैल केबल परत वर ओढली, आणि दोन इंचांचा तारेचा एक तुकडा आवरणात आरपार घुसलेला सापडला. वरून बघून तो कुणालाच दिसला नसता.

दिव्यांची वीज

तारेची केबल आणि दिव्यांची केबल यात एक मोठा फरक आहे. मुंबईत १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली आणि ७ मे १९०७ ला विजेवरची पहिली ट्राम धावली. त्या कंपनीची पुढे बेस्ट झाली, आणि तिच्या भागात आजही वीज जमिनीखालूनच फिरते. आमच्या मराठवाड्याचं म्हणाल तर आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मुंबईत ट्रामा धावत होत्या तेव्हा नांदेडच्या गल्ल्यांत कंदीलच.

तर फरक असा. तारेच्या केबलमध्ये वीज थोडी, त्यामुळे दोष असेल तर तो साध्या बॅटरीलाही कळतो. अकरा हजार व्होल्टच्या केबलमधला दोष मात्र लबाड असतो. बॅटरी लावली तर म्हणतो, मी ठणठणीत आहे. खरा दाब आला की त्याच जागी ठिणगी पडते. (ज्यांनी प्रॉडक्शनमध्येच येणारे, टेस्टिंगला कधीच न येणारे बग शोधलेत त्यांना वेगळं सांगायला नको.) म्हणून दुसरी हत्यारं आली.

एक म्हणजे प्रतिध्वनी. बारवेत हाक मारली की आवाज परत येतो, तसं केबलमध्ये विजेचा एक छोटा धक्का पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. आजच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या केबलमध्ये हा धक्का मायक्रोसेकंदाला साधारण १७० मीटर जातो. परत यायला नऊ मायक्रोसेकंद लागले तर जाऊन-येऊन १५३० मीटर, म्हणजे दोष ७६५ मीटरवर. दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे असे सूक्ष्म वेळ मोजणं जमायला लागलं, आणि ही पद्धत केबलमध्ये आली. पण दोषाचा रोध जास्त असेल, काही किलोओहम वगैरे, तर धक्का तिथे न अडखळता सरळ पुढे निघून जातो आणि पडद्यावर फक्त केबलचं टोक दिसतं.

दुसरं हत्यार म्हणजे व्हॅनमधलं ते 'ठप्प'. त्याला थंपर म्हणतात. एका कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि एकदम केबलमध्ये सोडायची. १६ हजार व्होल्ट आणि आठ मायक्रोफॅरड धरले तर एका ठोक्यात सुमारे हजार ज्यूल, म्हणजे शंभर किलोचं पोतं मीटरभर उचलायला लागेल एवढी ऊर्जा. ती सगळी त्या जखमेत एका क्षणात फुटते, आणि वर जमिनीवर धप्प ऐकू येतं. चांगल्या यंत्रात ठोक्याची चुंबकीय लहर आणि आवाज यांच्यातला वेळ मोजतात. लहर लगेच पोचते, आवाज मागून. वीज चमकल्यावर गडगडाट येईपर्यंत आपण आकडे मोजतो, तेच. जिथे अंतर सगळ्यात कमी, तिथे खाली दोष.

पण ठोकण्याची किंमत असते. १९६०-७० च्या दशकांत कागदी आवरणाच्या जागी एक्सएलपीई नावाचं प्लास्टिक आलं. चाळीस वर्षं टिकेल म्हणून घातलेल्या केबली काही ठिकाणी दहा-पंधरा वर्षांत जायला लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर ओलाव्यामुळे प्लास्टिकच्या आत झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक भेगा पसरलेल्या. त्यांना वॉटर ट्री म्हणतात. आणि नव्वदच्या दशकात लक्षात आलं की अशा जुन्या केबलवर जास्त दाबाची डीसी टेस्ट घेतली तर आत अडकून राहिलेला विद्युतभार नंतर तिचं आयुष्यच कमी करतो. केबल टेस्टमध्ये पास होते आणि लाईन चालू केल्यावर थोड्या दिवसांत जाते. तपासणीनंच रोगी मारायचा! म्हणून आता अशा केबलींसाठी सेकंदाला एक दशांश आवर्तन इतक्या मंद एसीनं टेस्ट घेतात. व्हाइटहाउसनं केलेली चूक समजायला आपल्याला पुन्हा सव्वाशे-दीडशे वर्षं लागली.

पुन्हा चौकात

आता त्या रात्रीकडे. साहेबांनी शेवटी मामांना हो म्हटलं. मामांनी डीपीकडे एका पोराला पाठवून दोन गाभे जोडून घेतले, व्हॅनमधून एक जुनी लाकडी पेटी काढली आणि बटण फिरवत बसले. मी मोबाईलचा उजेड धरला होता. सुई शून्यावर आली. मामांनी वहीत आकडा मांडला आणि म्हणाले, "सहाशे बारा."

साहेबांनी टेप धरून मोजायला लावलं. ६१२ मीटर येत होते नव्या डांबरी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. तिन्ही खड्डे अलीकडच्या बाजूला. साहेब म्हणाले, "मामा, आवाज तर इकडं येतोय. आणि नवा रस्ता आहे. चुकलं तर उत्तर मी देणार." बरोबर होतं त्यांचंही.

मामांनी ठोका कमी करायला सांगितला. वाढवायला नाही, कमी करायला. रात्री दोनला रहदारी थांबली, तेव्हा जमिनीवर ठेवायचा मायक्रोफोन घेऊन, कानाला हेडफोन लावून ते अक्षरशः रस्त्यावर आडवे झाले. एकेक पाऊल सरकत अर्धा तास ऐकलं. मग उठून पँट झटकत म्हणाले, "पाईप हाय खाली. आवाज पाईपातून पळायलाय. तिकडचं तोंड बुजलंय, म्हणून इकडून निघायलाय."

रस्ता ओलांडताना केबल पाईपमधून नेलेली होती, आणि हे कुणाच्या गावीही नव्हतं. नकाशावर फक्त एक सरळ रेघ. पलीकडच्या कडेला, डांबराच्या बाहेर खणलं. चार फुटांवर पाईपचं तोंड सापडलं, चिखलानं गच्च भरलेलं. आमची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते, सगळा गाळ तिथे जाऊन बसलेला. केबल ओढून काढली तर तोंडापासून दोन मीटर आत काळी पडलेली जखम. आणि त्या जखमेतून मागे जाणारा एक लांब, जुना ओरखडा.

मामांनी ओरखड्यावर बोट फिरवलं. "घातली त्या दिवशीचंच हाय हे. पाईपाच्या कडंला घासत वढली असंल. तवापासून पाणी प्यायली ही."

म्हणजे दुखणं पहिल्या दिवसापासून होतं. ते ठोक्यांनी झालं नव्हतं आणि ठोक्यांनी सापडलंही नव्हतं. १८५८ च्या केबलसारखंच. तो पाईप कुणी कागदावर लिहिला असता तर पहिल्याच संध्याकाळी काम झालं असतं. नवीन तुकडा घालून, दोन्हीकडे जोड करून लाईट आली तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार उलटून गेली होती. मागच्या गल्लीतले आजोबा ठीक आहेत. त्यांचा मुलगा मामांसाठी चहा घेऊन आला आणि पुन्हा काही न बोलता उभा राहिला.

खड्डे बुजवायच्या आधी मामा टेप घेऊन खाली उतरले. पहिल्या जोडापासून किराणा दुकानाच्या ओट्याच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं, मग तिथूनच समोरच्या देवळाच्या पायरीपर्यंतचं. दोन पक्क्या खुणांपासूनची दोन अंतरं असली की ती जागा पुन्हा हमखास सापडते. दुसऱ्या जोडाचं तसंच. पाईपची दोन्ही तोंडंही लिहिली. मी वही बघायला मागितली. वर्षानुवर्षांचे जोड, तारखा, अंतरं, कुठे पाईप, कुठे नाला, सगळं बारीक अक्षरात.

"मामा, याची कॉपी ऑफिसात आहे ना?" मी विचारलं.

मामा हसले. "पुढच्या वर्षी रिटायर हाय मी. कुणी मागितली तर देतो की."

साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मोबाईल काढला आणि म्हणाले, "मामा, पहिल्या पानापासून धरा. मी फोटो काढतो." मग मामा पानं उलटत होते आणि साहेब फोटो काढत होते. पन्नासेक पानं असतील. मी पुन्हा उजेड धरायला गेलो, तर मामा म्हणाले, "राहू द्या दादा, लाईट आली की आता."